सेन्सेईची सई

2019 च्या जूनमध्ये आमच्या लेकाने आम्हाला न विचारता घरातली एक खोली देऊन टाकली.

तो तेव्हा अकरावीत होता आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी जपानीच्या क्लासला जायचा. पुण्यात यात नवल काही नाही, प्रत्येक सोसायटीत एखादं तरी पोर जर्मन नाहीतर जपानी शिकत असतं. तर त्या क्लासमध्ये जपानहून एक इंटर्न येणार होती. परक्या लोकांना जपानी कसं शिकवायचं, हाच विषय ती तिकडे कॉलेजात शिकत होती आणि सहा महिने इथे प्रत्यक्ष शिकवून बघणार होती. राहायला तिला मराठी घर हवं होतं. पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारणा झाली. दोन दिवस सगळे गप्प. कुणाकडे रंगकाम निघालं, कुणाकडे गावाहून सासरे येणार होते. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी माझ्याच फोनवरून ‘आमच्याकडे चालेल’ असं लिहिलं आणि शेजारी हात जोडलेलं चित्र टाकलं. मला कळलं ते क्लासच्या मॅडमचा आभाराचा फोन आला तेव्हा. फोडणी करपली होती, एवढं आठवतं.

मोठी लेक नोकरीसाठी बंगळुरूला, म्हणून तिची खोली रिकामी होती. आम्ही सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाई तेव्हा एकोणऐंशीच्या. मी त्यांना आई म्हणते, म्हणून इथेही आईच लिहीन.

घर अंगावर आल्यासारखं आवरलं. नवे पडदे लावले, नवी बादली आणली, बाथरूममधली निसटणारी फरशी बसवून घेतली. पाहुणी परदेशातली, म्हणून पाच किलो लांब दाण्याचा बासमती आणला. नवऱ्याकडे सरकारी काम. परदेशी माणूस घरी उतरला की यजमानाने चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ ऑनलाइन भरायचा असे तेव्हा, हॉटेलवाले भरायचे तोच. ती रात्री साडेअकराला आली आणि हे महाशय पहाटे पाचला उठून तिच्या पासपोर्टचा फोटो लहान-मोठा करत बसले. आईंनी विचारलं, ‘‘पोरीची एवढी चौकशी कशाला? सोयरीक करायची आहे का?’’

नावाचा घोळ पहिल्याच सकाळी झाला. लेकाने ओळख करून दिली, ‘‘आजी, या आमच्या सेन्सेई.’’

आईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ‘‘सेन म्हणजे बंगाली का रे? दिसत तर नाही.’’

‘‘आजी, सेन्सेई म्हणजे सर, मॅडम. जपानी आहे ती.’’

‘‘असं होय. म्हणजे आडनाव सेन नाही, नाव सई. मग सरळ सांगा की.’’

झालं. त्या दिवसापासून ती सई. तिचं खरं नाव छान आहे, पण ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. ती होती एकवीस वर्षांची. क्लासमध्ये पस्तीस वर्षांचे इंजिनिअर तिला उभं राहून सेन्सेई म्हणायचे तेव्हा तिचे कान लाल व्हायचे, असं लेक सांगायचा. सई म्हटलं की मात्र ती स्वयंपाकघरातून ‘‘हाई!’’, म्हणजे ‘हो!’, म्हणून धावत यायची. मला ती ओकासान म्हणायची, म्हणजे आई, आणि नवऱ्याला ओतोसान. नवरा त्यावर दोन दिवस छाती काढून फिरत होता.

बासमतीचं काय झालं तेही सांगते. पहिल्या दिवशी मी वरण-भात वाढला. भाताचा दाणा न दाणा मोकळा, लग्नाच्या पंगतीत शोभेल असा. तिने हाताने जेवायचं ठरवलं होतं. दाणे बोटांतून निसटत होते आणि ती चेहरा हसरा ठेवून पुन्हा पुन्हा गोळा करत होती. चार दिवस असंच. पाचव्या दिवशी बासमती कुकरच्या भांड्यात भिजवायला विसरले, म्हणून आमचा रोजचा इंद्रायणी लावला. चिकट, वाफाळता, मेणासारखा. तिने एक घास घेतला, ताटात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘‘ओकासान, हा तांदूळ कुठून आणला?’’ असं इंग्रजीत विचारलं. कुठून म्हणजे? मावळातून! तिच्या घरी असाच खातात, एकमेकांना धरून राहणारा. उरलेला बासमती दिवाळीच्या बिर्याणीपर्यंत डब्यात होता. पाहुण्यासाठी म्हणून आपण जे खास काढतो ते बहुतेक वेळा पाहुण्याला नकोच असतं, पण हे शहाणपण पाच किलोनंतर सुचतं.

कुकरच्या शिट्टीला ती आधी दचकायची. मग शिट्ट्या मोजत मराठी आकडे शिकली. तीन झाल्या की गॅस बंद करायची जबाबदारी तिने आपणहून घेतली. बदल्यात आई जपानी आकडे शिकल्या. इची, नी, सान करत सातावर पोहोचल्यावर हसू आवरेना, कारण सात म्हणजे नाना आणि आठ म्हणजे हाची. खालच्या मजल्यावरचे नाना संध्याकाळी फिरायला निघाले की आई गॅलरीतून म्हणायच्या, ‘‘बघ सई, नाना. हाची!’’ नानांना अजून कारण माहीत नाही.

आम्ही तिघं तिच्याशी इंग्रजीत बोलायचो. आमचं इंग्रजी अडखळत, तिचंही. आईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्या सरळ मराठीत बोलायच्या, आवाजही कमी न करता. निकाल असा की महिन्याभरात सईला घरात सगळ्यात जास्त आईंचं बोलणं कळायला लागलं. आम्ही उगीच मधे इंग्रजीचा काठीसारखा आधार घेत होतो.

काठी काय, मधे पायातच यायची. एकदा मी तिला शेंगदाण्याची चटणी देत म्हटलं, ‘‘ईट अँड सी.’’ लेक ओरडला, ‘‘आई, असं इंग्रजीत म्हणत नाहीत!’’ सई मात्र टाळ्या वाजवायला लागली. जपानीत अगदी असंच म्हणतात, ‘ताबेते मिते’. ताबेते म्हणजे खाऊन, मिते म्हणजे बघ. खाऊन बघ. इंग्रजी शिकताना तिलाही शाळेत यावरून बोलणी बसली होती. मग दोघांना नादच लागला. ‘घेऊन ये’ आहे, ‘घेऊन जा’ आहे, ‘खाऊन टाकलं’सुद्धा आहे. क्रियापद शेवटी. शब्दाच्या मागे चिकटणारे प्रत्यय. वाक्याच्या शेपटाला आपण ‘ना’ लावतो तसा त्यांचा ‘ने’, ‘उकडतंय ना’ म्हणजे ‘आत्सुई देसु ने’. पावसाचेही आवाज आहेत. आपला धो धो, त्यांचा झाझा. आपला टपटप, त्यांचा पोत्सुपोत्सु. छातीत आपल्या धडधडतं, त्यांच्या दोकिदोकि होतं.

लेकाच्या भिंतीवर तिने जपानी अक्षरांचा तक्ता लावला होता. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आई चष्मा लावून तो वाचत होत्या (लेकाने खाली देवनागरीत लिहिलं होतं). म्हणाल्या, ‘‘ही आपलीच की रे मुळाक्षरं. मधली उंदरांनी खाल्लेली.’’ लेकाने मान हलवली, पण सई म्हणाली की आजींचं बरोबर आहे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, तिच्यासोबत संस्कृतचा वर्णक्रम जपानात गेला आणि त्याच क्रमाने त्यांनी आपली अक्षरं लावली. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. आईंना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी नुसतं वाचलं.

ळ तिला शेवटपर्यंत आला नाही. चहातला च आणि चटणीतला च ती अचूक वेगळा काढायची, कारण दोन्ही त्यांच्याकडे आहेत, पण ल आणि ळ आले की दोन्हींचा र. पहिल्याच आठवड्यात ताटावर हात आडवा धरून म्हणाली, ‘‘ओकासान, आणखी पोरी नको.’’

आई तिच्या पानात चौथी पोळी टाकत म्हणाल्या, ‘‘असं म्हणू नये. घरात पोरी असाव्यात.’’

आमच्या लेकाची फजिती ऱ्हस्व-दीर्घात. ओबासान म्हणजे काकू, ओबाआसान म्हणजे आजी. त्याने सोसायटीतल्या एका नटलेल्या काकूंची सईशी ओळख करून देताना त्यांना आजी करून टाकलं. ब्योओइन म्हणजे दवाखाना, बियोओइन म्हणजे पार्लर. सई डायनिंग टेबलावर टाळ्या वाजवून मात्रा मोजायला लावायची. मराठीच्या पेपरात वेलांटीचे मार्क गेले की ‘काय फरक पडतो’ म्हणणारा मुलगा इथे मुकाट टाळ्या वाजवायचा.

तिचं खरं काम रात्री त्याच टेबलावर चालायचं. दुसऱ्या दिवशीच्या पाठासाठी चित्रांचे कार्ड बनवायची, खाणारा माणूस, झोपलेला माणूस, छत्री विसरलेला माणूस. एका पाठाची पाच पाच पानं टाचणं. आणि तरी परत आली की कधी कधी गप्प असायची. मुलं ‘का’ विचारतात, म्हणायची. ‘वा’ प्रत्यय कधी लावायचा आणि ‘गा’ कधी? तिला बरोबर काय ते लगेच कळायचं, पण का ते सांगता यायचं नाही. मी म्हटलं, मलाही नाही सांगता येणार, भूक ती का आणि राग तो का. तिने वही काढली. ‘‘भूक ती?’’ हो. ‘‘राग तो? प्रेम?’’ ते. ‘‘का?’’ बघ, म्हटलं, आता तू विद्यार्थी झालीस. त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो. एम.ए. मराठी आहे मी, पण त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

घराबाहेर पडताना ती दारात उभी राहून ‘‘इत्तेकिमासु’’ म्हणायची. लेकाने अर्थ सांगितला, जाऊन येते. आईंनी कौतुकाने मान डोलावली. आमच्याकडे कुणी ‘जाते’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या महिन्यात ‘‘आई, मी जाते’’ म्हणाले होते आणि जिन्यावरून परत बोलावून माझ्याकडून ‘येते’ म्हणवून घेतलं होतं. सईला कुणी काही सांगावं लागलं नाही. चपला दाराबाहेर काढणं, बाथरूमच्या चपला वेगळ्या, जेवणाआधी आपण श्लोक म्हणतो तसं हात जोडून ‘इतादाकिमासु’. आई मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या, ‘‘वळण आहे पोरीला.’’

खटके दोनच. एक रात्रीची आंघोळ. दिवसभराचा घाम घेऊन अंथरुणात शिरायचं म्हणजे तिला अशक्य. आणि रात्री डोक्यावरून पाणी घेतलं की सर्दी होणारच, हे आईंना ठाम माहीत. शेवटी केस कोरडे ठेवायचे यावर तह झाला. दुसरा आभारांचा. पाणी दिलं की आरिगातो, दार उघडलं की सुमिमासेन. हा शब्द तर माफीलाही चालतो आणि आभारालाही. आईंना वैताग आला. ‘‘तिला सांग, घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. हॉटेल आहे का हे?’’ तिला ते पटलं नाही. आपल्याकडे घरच्यांना थँक यू म्हणत नाहीत, मग बरं वाटलं हे सांगतात कसं? मला उत्तर सुचलं नाही. खरं तर आम्ही नाहीच सांगत. आठवडाभराने मी तिच्यासाठी थालीपीठ लावलं तेव्हा तिने आभार न मानता रिकामं ताट पुढे करून म्हटलं, ‘‘आणखी आहे?’’ आई म्हणाल्या, ‘‘आता शिकली.’’

क्लासने महिना ठरावीक रक्कम देऊ केली होती. ती प्रत्येक महिन्यात ‘पुढच्या आठवड्यात’ यायची आणि शेवटची दोन महिन्यांची मिळाली फेब्रुवारीत, नवऱ्याने तिथे जाऊन बाकड्यावर दोन तास बसल्यावर. असो.

ती नागानोची. डोंगराळ भाग, सफरचंदांचा आणि मिसोचा. येताना मिसोचं पाकीट आणलं होतं. आम्ही शाकाहारी, म्हणून तिने आधी त्यातले घटक वाचून दाखवले, सोयाबीन, तांदूळ, मीठ. माशाचं पाणी न घालता सूप केलं. आईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आंबवलंय ना? मग आपल्या ढोकळ्याच्या पिठाचीच जात.’’ आणि प्यायल्या. एकदा तिने ओयाकी केल्या, कणकेच्या पारीत भाजी भरून वाफवलेल्या. नागानोला पालेभाजीच्या करतात, इथे मेथीच्या झाल्या. आई एक मोडून बघत म्हणाल्या, हे तर दिंडं. पाच ऑगस्टला नागपंचमी होती. बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे पुरणाची दिंडं झाली. मी दर वर्षी ‘कोण खातं’ म्हणून टाळायचे.

मधे तिचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी औषध दिलं, पण जेवण जाईना. आईंनी इंद्रायणीच्या कण्यांचा मऊ भात केला, वर तूप, मेतकूट आणि बाजूला काळं पडलेलं जुनं लिंबाचं लोणचं. तिने लोणच्याला बोट लावून चाटलं आणि रडायलाच लागली. मी घाबरले. नंतर कळलं, आजारपणात तिची आजी असाच भात करते, त्याला ओकायु म्हणतात, वर खारवलेलं आंबट फळ. बरणी आईंनी तिच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या बरणीला मी तेवीस वर्षांत हात लावलेला नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते.

ती आली त्याच आठवड्यात 12 जुलै आली. त्या वर्षी त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी बघून सई चकित, कारण जपानात तेव्हा टॅपिओकाच्या गोळ्या घातलेल्या चहाचं वेड होतं आणि इथे ते गोळे दाण्याच्या कुटात, मिरची लावून. पण आमच्या घरात 12 जुलै म्हणजे पानशेतचा दिवस. 1961 साली याच तारखेला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आई तेव्हा एकवीस वर्षांच्या, नव्या नवरी, नारायण पेठेत. दर 12 जुलैला त्या सकाळच्या चहानंतर सुरू करतात, ‘‘आजच्याच दिवशी...’’ आणि दर वर्षी आम्ही एकेक करून उठतो. नवरा आंघोळीला, लेक मोबाइलला, मी ओट्याकडे. गोष्ट पाठ आहे. लोक ओरडत आले, पाणी आलं म्हणून. त्यांनी आणि त्यांच्या सासूबाईंनी घर सोडलं आणि निघताना दाराला कुलूप लावलं. परत आल्या तेव्हा कुलूप शाबूत आणि मागची भिंत गेलेली. ‘‘पाण्याला कुलूप लावलं होतं मी,’’ या वाक्यावर आई हसतात आणि गोष्ट संपते.

त्या वर्षी सई उठली नाही. तिला एक शब्द कळत नव्हता. वही मांडीवर घेऊन ती बसून राहिली आणि मधे मधे ‘‘हाई, हाई’’ म्हणत राहिली. मला वाटलं, शिष्टाचार.

सप्टेंबरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. 25 तारखेला, बुधवारी, रात्री तो असा कोसळला की समोरची इमारत दिसेना. आमच्या मागून आंबील ओढा जातो. दहाच्या सुमारास वीज गेली. खाली पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींवर आपटल्याचे आवाज यायला लागले. मेणबत्ती शोधत मी पॅसेजमध्ये आले तर सई तिथे उभी. पायात बूट, पाठीवर सॅक, गळ्यात टॉर्च. ती सॅक पहिल्या दिवसापासून तिच्या दाराच्या मागे टांगलेली होती, आम्ही तिला हसायचो. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिट्टी. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यात आईंच्या गोळ्या, चष्मा आणि शाल. आईंच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हे तिला ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला नव्हतं. आम्ही तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना वर घेतलं. रात्रभर जिन्यात आणि हॉलमध्ये माणसं. सकाळी कळलं, आमच्या घरापासून काही अंतरावर, टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी खाली घोट्याच्या वर चिखल. लोक महापालिकेची वाट बघत, फोटो काढत. आई गॅलरीतून ओरडल्या, ‘‘ओला आहे तोवर काढा! वाळला की दगड होतो!’’ सई गळ्याला टॉवेल बांधून खाली उतरली, हातात आमचा बाथरूमचा वायपर. तिच्या मागून लेक, मग नाना, मग सगळे.

संध्याकाळीही वीज नव्हती. मेणबत्तीभोवती बसलो होतो. सईने वही उघडली आणि जमवून जमवून मराठीत विचारलं, ‘‘आजी, बारा जुलै, काय झालं?’’ यावेळी उठून जायला कुठे जागाच नव्हती. आईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, सोपं करून. पाणी. दार. कुलूप. भिंत. आम्ही हसायच्या जागी हसलो. सई हसली नाही. तिच्या त्या आठवड्याच्या धड्यात ‘कुठे आहे’ होतं. वही बघून म्हणाली, ‘‘आजी, किल्ली कुठे आहे?’’

कुणी काही बोललं नाही. आई उठल्या, भिंतीला धरत देवघरापर्यंत गेल्या आणि खालच्या खणातून हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलेली किल्ली आणून मेणबत्तीपाशी ठेवली. पितळी, बोटाएवढी. देवघर मी रोज पुसते. तो खणही आवरते. ती डबी मी शेकडो वेळा उचलून ठेवली असेन. नवरा त्यांचा सख्खा मुलगा, त्याला माहीत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री आई दीड तास बोलल्या. खडकवासलाही फुटलेलं, म्हणून पुढे शहरात पाण्याचे कसे हाल झाले ते. भिजलेलं धान्य फेकताना त्यांच्या सासूबाई कशा गप्प झाल्या ते. कंबरेला किल्ली खोचून आपण घर नसलेल्या घराच्या मालकीणबाई होतो, तेही. सईला त्यातलं निम्मं कळलं असेल. आम्हाला सगळं कळलं, आणि तेही पहिल्यांदा.

अडीच आठवड्यांनी पाळी तिच्यावर आली. 12 ऑक्टोबरला हागिबिस नावाचं वादळ जपानला धडकलं आणि रात्रीतून नागानोजवळ चिकुमा नदीचा बांध फुटला. तुम्ही तो फोटो पाहिला असेल, गाळाच्या पाण्यात उभ्या शिन्कान्सेन, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेन, दहा गाड्या, 120 डबे. त्याच पट्ट्यात सईच्या आजी-आजोबांची सफरचंदाची बाग. दोघं आधीच शाळेच्या जिम्नॅशियममध्ये गेले होते, सुखरूप होते. घराचा खालचा मजला आणि बाग चिखलात, झाडांवर काढणीला आलेली फळं. 13 तारखेचा रविवार होता, कोजागरी. सोसायटीने गच्चीवर दूध ठेवलं होतं. मी म्हटलं आपण नको जायला, पण सईच म्हणाली, जाऊ. चंद्रात त्यांच्याकडेही ससा आहे, तो उखळात तांदूळ कांडतो.

सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. तिकडे तिची आजी. आईंनी फोन हातात घेतला, इतका जवळ की पलीकडे नुसतं कपाळ दिसत असणार, आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, ‘‘चिखल ओला आहे तोवर काढा. वाळला की दगड होतो. आणि भिजलेलं धान्य ठेवू नका, जीव अडकतो.’’ सईने भाषांतर केलं. पलीकडून ‘‘हाई, हाई’’ आणि वाकलेलं डोकं. मग तिकडची आजी काहीतरी लांबलचक बोलली. सई म्हणाली, ‘‘ती विचारते, किल्ली अजून आहे?’’ म्हणजे तिने ते घरी कळवलं होतं.

ती परत जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. मंगळवारी क्लासला शिकवायला गेली, दारात नेहमीचं ‘‘इत्तेकिमासु’’ म्हणून.

1 डिसेंबरला लेकाची एन-फाइव्हची, म्हणजे जपानीच्या पहिल्या पातळीची, परीक्षा झाली. 180 पैकी 80 ला पास असतात, त्याला 131 पडले, ऐकण्याचा भाग सगळ्यात चांगला गेला. निकाल लागला तेव्हा सई निघून गेली होती. डिसेंबरच्या मध्यात रात्रीच्या टॅक्सीने मुंबई विमानतळ गाठायचा होता. बॅगेत मेतकूट, दोन किलो इंद्रायणी आणि टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची छोटी बरणी. नवऱ्याने तीनदा वजन करून पाहिलं. आईंच्या पाया पडली, शिकवलेलं नसताना. निघताना ‘सायोनारा’ म्हणेल असं मला वाटलं. ती जिन्यात थांबली, वळली आणि म्हणाली, ‘‘येते.’’

पुढच्या मार्चपासून सगळं जगच बंद झालं. फोन होतात, दर 12 जुलैला नक्की. तिकडच्या बागेत त्या पुरानंतर काही झाडं गेली, काही राहिली. ती आता तिकडे परदेशी कामगारांना जपानी शिकवते.

मागच्या महिन्यात क्लासने पुन्हा विचारलं. नव्या मॅडम आहेत, पैसे आगाऊ देऊ म्हणतात. या वेळी मुलगा आहे, कोबेचा. येत्या शनिवारी येतोय. नवऱ्याने पासपोर्टचा फोटो आधीच मागवून ठेवलाय. मी तांदूळ इंद्रायणीच आणला. काल आईंना सांगितलं, आता पंच्याऐंशीच्या आहेत, ऐकू जरा कमी येतं.

‘‘नाव काय?’’

‘‘त्यालाही सेन्सेईच म्हणायचं, आई.’’

लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट करत त्या म्हणाल्या, ‘‘म्हणा काय म्हणायचं ते. सई म्हणायचं नाही.’’